साधं कार्ड, दोन वायरी

बाई, तुम्ही निवडलेलं कार्ड परवा आपल्या ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरमधून काढलं. अखेर गेलं ते. इतकी वर्षं चाललं, हेच खूप. स्क्रू काढून ते हातात घेतलं तेव्हा पहिला विचार हाच आला, की बाईंना सांगायला हवं. तुम्हाला जाऊन किती काळ झाला हे मला ठाऊक आहे, तरी हा विचार येतोच. बाजारात चांगली मेथी दिसली तरी येतो. म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही शाळेत सांगायचात, पत्ता शेवटी लिहायचा असतो, आधी काय सांगायचंय ते ठरवा. मला जे सांगायचंय ते त्या कार्डाबद्दलच आहे.

शाळा म्हणजे आपली महापालिकेची. पाचवी ते सातवी तुम्ही मला मराठी शिकवलंत. पुढे मी कॉलेजात गेले, कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. निकालाच्या दिवशी आई वस्तीतल्या दारोदारी पेढे देत फिरली, विहारात ठेवून आली आणि उरलेला पुडा माझ्या हातात देत म्हणाली, "बाईंकडे जाय आधी. लय जीव लावलाय त्यांनी तुला." मी इंदिरानगरला तुमच्या घरी आले. तुम्ही पेढा खाल्लात, पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "छान आहे. आता काम सांगते." मला वाटलं होतं तुमच्या डोळ्यांत पाणी येईल, तुम्ही काहीतरी मोठं बोलाल. तुम्ही मला पुढच्या खोलीत नेलंत.

त्या खोलीच्या चारही भिंतींवर, आवाज घुमू नये म्हणून, गोधड्या टांगलेल्या आहेत. मधे टेबल, त्यावर मायक्रोफोन, बाजूला टेपरेकॉर्डर आणि कुणीतरी देणगी दिलेला एक कॉम्प्युटर. निवृत्त झाल्यापासून तुम्ही अंध मुलांसाठी कॉलेजची पुस्तकं वाचून घेत होता. तुमची पद्धत मला पहिल्या दिवशी जरा विचित्र वाटली होती. एकाने मायक्रोफोनसमोर वाचायचं, दुसऱ्याने तेच पुस्तक उघडून समोर बसायचं आणि ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. शब्द चुकला, काना गेला, की टेबलावर टिचकी मारायची. मग मागे जाऊन ते वाक्य पुन्हा. ऐकणाऱ्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय पुस्तक मुलांच्या हातात जायचं नाही. आणि तुमचा तो नियम, ज्यावर सगळे हसायचे: वाचणारा आणि ऐकणारा एका स्कूटरवरून यायचे नाहीत. गंगापूर रोडचं एक जोडपं होतं, नवरा वाचायचा, बायको ऐकायची. दोघं हौशी, उच्चार सुरेख. पण स्कूटर पंक्चर झाली की दोघं गैरहजर, नात्यातलं लग्न निघालं की दोघं गैरहजर. ऐन परीक्षेच्या तोंडावर पुस्तक अर्धं राहिलं तेव्हा तुम्ही त्यांची जोडीच मोडलीत. काकांबरोबर इंदिरानगरचं कुणी आणि काकूंबरोबर मी. काका म्हणाले, "बाई, लग्नाला तीस वर्षं झाली, आजवर आम्हाला कुणी वेगळं बसवलं नव्हतं." तुम्ही म्हणालात, "घरी बसा की शेजारी. इथे मला एक तरी माणूस यायला हवा."

कॅसेटी नेहमी कमी पडायच्या. त्यामुळे पुस्तक वाचून झालं की ते कॉम्प्युटरवर घ्यायचं, कॅसेट पुसायची आणि त्याच कॅसेटवर ज्या मुलाला जे हवं ते भरून द्यायचं. परीक्षा संपली की कॅसेट परत. पुन्हा पुसली, पुन्हा भरली. म्हणजे अख्खं ग्रंथालय त्या कॉम्प्युटरच्या एका डिस्कमध्ये होतं, आणि ही गोष्ट किती नाजूक आहे ते ती डिस्क बंद पडली त्या दिवशीच आम्हाला कळलं. मी दुकानातून दुकानात फिरले. कुणी काही करू शकलं नाही. अर्थशास्त्र गेलं, राज्यशास्त्र गेलं. ते परत वाचता येणार होतं आणि आपण वाचलंही. पण इतिहासाची दोन पुस्तकं ज्या आजोबांनी वाचली होती, ते तोवर वारले होते. त्यांची सून एकदा आली आणि म्हणाली, त्यांचा आवाज एकदा ऐकायला मिळेल का? तुम्ही तिला चहा दिलात आणि खरं ते सांगितलंत. ती गेल्यावर मला म्हणालात, "हे पुन्हा व्हायला नको. कसं ते तू बघ."

मी बघितलं. गंगापूर रोडच्या सायबर कॅफेत बसून जे वाचता येईल ते वाचलं. एकच गोष्ट एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायची, एक गेली तर दुसरी आहेच, याला मिरर म्हणतात. आणि मला वाटलं, आता आपल्याला सगळ्यात भारी वस्तू घ्यायची संधी आहे, कारण शहरातला एक क्लब मदत करायला तयार होता आणि त्यांनी सांगितलं होतं, काय लागेल ते लिहून द्या.

ती सकाळ मला फार स्वच्छ आठवते. तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडताय. मी ओट्याला टेकून उभी आहे, हातात छापून आणलेले कागद.

"बाई, मोठ्या सर्व्हरमध्ये असतं तसं कार्ड मागवू. मुंबईहून येईल. दोन डिस्क त्याला जोडायच्या, पुढचं सगळं तेच सांभाळतं. आपण बघायचंसुद्धा नाही."

"आणि ते बिघडलं तर?"

"तसंच दुसरं आणायचं."

"कुठून?"

"मुंबईहूनच."

"परीक्षा चालू असताना? बरं, तसंच नाही मिळालं तर?"

उत्तर मला माहीत होतं. तसलं कार्ड डिस्कवर त्याच्या स्वतःच्या पद्धतीने लिहितं. कार्ड गेलं आणि तसंच दुसरं मिळालं नाही, तर दोन्ही डिस्क धडधाकट असूनही त्यांच्यातलं काही वाचता येईल याची खात्री नाही. पण ते कबूल करण्याऐवजी मी चिडले. म्हणाले, "आंधळ्या पोरांचं काम आहे म्हणून स्वस्तातलं चालवून घ्यायचं, असंच ना? आम्ही लहानपणापासून हेच बघितलंय, बाई. दुसऱ्या शाळेने टाकून दिलेले बाक आमच्या शाळेला. मोठ्या कॉलनीत उरलेलं पाणी आमच्या वस्तीला. मी नाही लिहून देणार हलकं काही."

तुम्ही हातातली जुडी खाली ठेवलीत. "आवाज खाली. हलकं घे असं मी म्हटलेलं नाही. आणि एक सांग मला, महाग वस्तू तुला मुलांसाठी हवीये, की आपण कुणापेक्षा कमी नाही हे त्या क्लबवाल्यांना दाखवायला?"

माझे डोळे भरून आले. तुम्ही ते बघितलंत आणि तरी थांबला नाहीत. "तू उद्या नोकरीला जाशील. जायलाच हवंस, तुझ्या आईने त्यासाठीच शिकवलंय तुला. मग इथे कोण राहणार? मी आणि ही मुलं. आम्हाला जे हाताळता येणार नाही, ते माझ्या घरात आणू नकोस. जा, नीट माहिती काढ आणि मला समजेल असं सांग. मला समजलं तर घेऊ." मग जुडी पुन्हा उचललीत आणि म्हणालात, "आणि इथे उभी राहून रडू नकोस, ही अर्धी मेथी घे."

मी रडत रडत मेथी निवडली, बाई. आज हे लिहिताना हसू येतंय, पण त्या दिवशी मला वाटलं होतं, आता या घरात पाऊल टाकायचं नाही. घरी गेल्यावर आईला सांगितलं. ती भाकरी थापताथापता म्हणाली, "त्या रागावल्या म्हंजी तुला मोठी समजत्यात. बारक्या पोरीला कोण कशाला समजावून सांगंल?"

दोन-तीन दिवस वाचून मी परत आले. तुम्ही चष्मा लावून, वर्गात बसल्यासारख्या समोर बसलात. मी सांगायला लागले. आपल्या मशीनमध्ये डिस्क जोडायला दोनच जागा आहेत. प्रत्येक जागेतून एक चपटी वायर निघते आणि एका वायरीवर दोन वस्तू बसतात. बंद पडलेल्या डिस्कच्या जागी तात्पुरती घातलेली डिस्क आणि सीडीचा ड्राइव्ह एका वायरीवर ढकलले, तर दुसऱ्या वायरीवर दोन्ही नव्या डिस्क बसतील. कार्डच नको, तो खर्च वाचला. "पण," मी म्हटलं, "एका वायरीवरची एक डिस्क बिघडली तर ती वायरच अडवून धरते. दुसरी चांगली असली तरी तिचं कुणाला ऐकू येत नाही."

तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "म्हणजे दोघं एका स्कूटरवर."

इंटरनेटवरच्या माणसांनी पानंच्या पानं लिहिलेली गोष्ट होती ती.

मग पुढचं सोपं झालं. दुसरं एक कार्ड होतं, मधल्या किमतीचं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत मिरर वगैरे लिहिलेलं. पण खरं काम ते कार्ड करतच नव्हतं, त्याच्याबरोबर सीडीवर येणारा प्रोग्राम करत होता, आणि आपलं मशीन ज्या फुकटच्या प्रणालीवर चालायचं त्या लिनक्सवर तो चालणार नव्हता. तुम्ही म्हणालात, "नाव सोनूबाई. पुढे?" पुढे ते तिसरं. नुसतं जोडणीचं कार्ड. त्याला दोन जागा, म्हणजे दोन वेगळ्या वायरी, प्रत्येकीवर एकच डिस्क. डोकं काही नाही. मिरर करायचं काम लिनक्स स्वतःच करतं. कार्ड गेलं तर कुठल्याही बनावटीचं दुसरं लावायचं, तेही नाही मिळालं तर डिस्क काढून कुठल्याही जुन्या मशीनला जोडायची, पुस्तकं जशीच्या तशी. "आणि यांच्यात हे सगळ्यात स्वस्त?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, हो. "मग चेहरा असा का पाडलायस?"

क्लबच्या पैशांतून कार्ड घ्यायला तुम्ही माझ्याबरोबर मेनरोडला आलात, भाजीची पिशवी घेऊन. दुकानदार आत कुठेतरी शोधून ते घेऊन आला आणि फुंकर मारून धूळ उडवत म्हणाला, "ताई, हे कशाला नेताय? हे कुणी विचारत पण नाही. हे बघा, हे खोक्यातलं घ्या, फुल गॅरंटी." मी म्हटलं, मला चिपवरचा नंबर वाचायचाय, लिनक्स कुठली चिप ओळखतं ते मी लिहून आणलंय. तो म्हणाला, "नंबर? लोक इथे येऊन गाणी वाजतील का विचारतात, तुम्ही पहिल्याच." नंबर जुळला. तेवढ्यात तो म्हणाला, "चाललं नाही तर परत घेणार नाही हां, आधीच सांगतो." तुम्ही तोवर मागे उभ्या होता. पुढे येऊन म्हणालात, "परत घेणार नाहीस? शुद्धलेखनाची वही तू मला चार वेळा परत द्यायचास, तेव्हा मी घ्यायचे ना?" त्याने मान वर करून नीट बघितलं आणि काउंटरच्या मागून बाहेर येऊन तुमच्या पाया पडला. "बाई! परत काय, घरी येऊन लावून देतो." तुम्ही म्हणालात, "लावायला ही आहे." हे तीन शब्द मी अजून जपून ठेवलेत. डिस्कही त्याच्याकडूनच घेतल्या. मी एकाच कंपनीच्या दोन मागत होते, एकसारख्या दिसतील म्हणून. तुम्ही म्हणालात, "एकाच घरातल्या नको, वेगवेगळ्या दे." पुढे नोकरीत मला कळलं की जाणती माणसं असंच करतात. एकाच दिवशी एकाच कारखान्यात जन्मलेल्या डिस्क कधीकधी एकदमच आजारी पडतात.

मशीन चालू झालं. मला वाटलं काम संपलं. तुम्ही म्हणालात, "आता मला शिकव. डिस्क गेली तर काय करायचं?" आणि तुमच्या लक्षात आलं, की तुम्ही एकट्याच शिकून उपयोग नाही. तेव्हा कळवणची ती मुलगी यायची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. जन्मापासून दिसत नव्हतं. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "ताई, मला एकदा हात लावू द्या की." मी मशीन बंद करून झाकण काढलं. तिने बोटांनी सगळं चाचपलं, कार्ड, वायरी, डिस्क. मग तिनेच सुचवलं, एका वायरीला दोऱ्याची एक गाठ मारा, दुसरीला दोन. आणि काय करायचं ते कागदावर लिहून काय फायदा, म्हणून आपण ते वाचून टेपवर घेतलं, आपल्या पद्धतीने. मी वाचलं, तुम्ही समोर बसून ऐकलंत. "बिघडलेली डिस्क टकटक आवाज करते. झाकणावर बोट ठेवा, जी टकटकते ती." तुम्ही दोनदा टिचकी मारलीत, कारण मी घाईत "बोट ठेवा" आधी म्हणाले होते आणि "बाकी कशाला हात लावू नका" नंतर. "आधी काय करायचं नाही ते सांग," म्हणालात, "चटका बसल्यावर सांगून काय उपयोग?"

मग मला पुण्यात नोकरी लागली आणि मी गेले. तुम्ही आजारी आहात हे तुम्ही कुणाला कळू दिलं नाहीत. मी आले तेव्हा सगळं संपलं होतं. पुढच्या खोलीत लोक दाटीवाटीने बसले होते आणि गोधड्यांमुळे कुणाच्या रडण्याचा आवाज घुमत नव्हता. मला तेव्हा फार एकटं वाटलं, बाई. या सगळ्याचं आता काय होणार, तुमच्यामागे हे किती दिवस टिकणार, याचीच भीती वाटत होती.

तेच तुम्हाला सांगायचंय. पुढच्याच परीक्षांच्या आधी एक डिस्क गेली. मी पुण्यात ऑफिसात होते. फोनवर कळवणची ती. एरवी माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलायची, त्या दिवशी घाईत घरची भाषा तोंडात आली. "ताई, टकटक करत होती ना, बोट ठेवून बघितलं मी. मशीन बंद केलं, प्लग काढला, दोन गाठींची वायर काढली, परत लावलं. चालू शे ताई, समदं चालू शे!" मी विचारलं, पुस्तकं? "समदी शेत. मी तीन कॅसेटी भरल्या पण." माझ्या शेजारी बसणाऱ्याने विचारलं, काय झालं, का रडतेस? मी म्हटलं, काही नाही, एक डिस्क गेली. त्याला वाटलं मला वेड लागलंय.

तुमच्या भाच्याने ती खोली आपल्याला वापरू दिली. कळवणची ती शिकून शिक्षिका झाली आणि आता ग्रंथालय तीच बघते, मी महिन्यातून एखादा रविवार येते. डिस्क नंतरही बदलल्या, कधी मी, कधी तिने. आणि परवा कार्डच गेलं. तसलं कार्ड आता बाजारात मिळत नाही, मी विचारलंही नाही. एक टाकाऊ मशीन होतं, त्याला एक डिस्क जोडली आणि चालू केलं. सगळी पुस्तकं जागेवर होती. मेथी निवडताना तुम्ही विचारलं होतंत ना, ते बिघडलं तर? बिघडलं, बाई. काही झालं नाही. माझ्या कामाच्या ठिकाणी मोठमोठी खोकी येतात, त्यांची चकचकीत माहितीपत्रकं माझ्यासमोर ठेवतात, आणि मी तोच प्रश्न विचारते. लोक म्हणतात ही फार हुशार आहे. मी त्यांना कुणाचा प्रश्न आहे ते सांगत नाही, सांगायला हवं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून शेवटचं एक इथेच सांगून ठेवते. नव्या डिस्कवर सगळं उतरवत असताना यंदा आलेल्या एका मुलाचा फोन आला. त्याने तुम्हाला कधी ऐकलेलं नाही, म्हणजे पुस्तकात सोडून. म्हणाला, "ताई, अर्थशास्त्रात महागाईच्या प्रकरणात बाई मधेच म्हणतात, 'अगं, दूध उतू चाललंय, पळ.' ते परीक्षेला येईल का?" त्या पुस्तकाची ऐकणारी मी होते. दुधाकडे पळाले, म्हणून टिचकी मारायला समोर कुणी नव्हतं, आणि ते तसंच राहून गेलं असणार. मी त्याला सांगितलं, परीक्षेला नाही येणार, चुकून राहिलंय, मी ते काढून टाकते. नियम तोच आहे. काल दुपारी ती जागा शोधली, ऐकली, थोडं मागे जाऊन पुन्हा ऐकली. मग काही न करता फाइल बंद केली. ते वाक्य अजून तिथेच आहे, बाई. दोन्ही डिस्कवर.